डीपीवरची बाळंतीण

मित्रांनो, मी डीपी आहे. मोबाईलवर गॉगल घालून लावतात तो डीपी नव्हे हं! मी खरीखुरी, लोखंडाची, गावाला लाइट पुरवणारी डीपी. म्हणजे, होते. आता माझ्यात लाइट नाही, पेटी नाही, एक तारसुद्धा नाही. दोन गंजलेले खांब, त्यांना जोडणारे आडवे लोखंडी पट्टे आणि वर चिनीमातीच्या फुटक्या वाट्या, एवढीच मी उरले आहे. तरीही ओतूरहून माळशेज घाटाकडे जाताना धरणाच्या पाण्यात काहीतरी काळं उभं दिसलं, तर ती मी समजा. एसटीतले लोक खिडकीतून माझे फोटो काढतात. पाण्यात माझं प्रतिबिंब फार छान दिसतं म्हणे. मला ते कधी नीट बघता आलं नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. भट्टी, हातोडे, ठिणग्या, सगळं तुम्ही चित्रात बघितलं असेल तसंच होतं, म्हणून ते सांगत बसत नाही. मला ट्रकमधून आणलं आणि रस्ता संपला तिथून पुढे बैलगाडीवर लादलं. तेव्हा इथे धरण नव्हतं. नदी होती आणि नदीकाठी गाव होतं. गड्यांनी दोर लावून, ओरडून ओरडून मला उभं केलं. माझ्या मधल्या पट्ट्यांवर ती जड पेटी बसवली. पेटी म्हणजे ट्रान्सफॉर्मर. पहिल्यांदा लाइट आली त्या दिवशी बायकांनी मला हळदीकुंकू लावलं, पुरुषांनी नारळ फोडला. काय माझी ऐट होती त्या दिवशी! पुढे पावसात फ्यूज जायला लागला, तेव्हा ज्यांनी नारळ फोडला त्यांनीच "मेली ही डीपी!" म्हणून शिव्या घातल्या. मी दोन्ही ऐकून घेतलं. लोखंडाला दोन्ही सारखंच.

मग धरणाची भिंत उभी राहिली. लोकांनी घरं उतरवायला सुरुवात केली. कौलं, वासे, दारं, चौकटी, सगळं गाड्यांवर लादून वरच्या अंगाला नवीन गावात नेलं. पण एका घरात नुकतीच एक बाई बाळंत झाली होती, आणि आमच्या गावात बाळंतिणीला जागेवरून उठवत नाहीत. सव्वा महिना होईपर्यंत नाहीच. वायरमनने गावातल्या सगळ्या तारा सोडवल्या, तिच्या खोलीची तेवढी ठेवली. पाणी मारुतीच्या पायरीला लागलं होतं, सगळं गाव मोडून गेलं होतं आणि मधोमध एका खोलीत पिवळा बल्ब जळत होता. मी पेटवलेला तो शेवटचा बल्ब. सव्वा महिना झाला, बाळ-बाळंतीण गाडीत बसून वर गेली, मग माझी पेटीही गेली. खांब न्यायला माणसं येणार होती, पण त्यांच्याआधी पाणी आलं.

तेव्हापासून मी इथे उभी आहे. पावसाळ्यानंतर कमरेपर्यंत पाण्यात, उन्हाळ्यात कोरड्या गाळात. माझ्यावर पाणकावळे बसतात आणि पंख वाळवत माझी पाठ पांढरी करून ठेवतात. हिवाळ्यात लांब उत्तरेकडून एक मासेमार घार येते. पांढऱ्या पोटाची, डोळ्यांवरून काळा पट्टा गेलेली, अगदी रुबाबदार. पाण्यात सूर मारून मासा काढते, माझ्यावर बसून खाते आणि ऊन तापायला लागलं की निघून जाते. तिचं घरटं तिकडे, थंड मुलखात. मला उगाचच वाटायचं, एखाद्या वर्षी ही इथेच घरटं करील. पेटी गेल्यापासून माझे मधले पट्टे रिकामे होते ना! इतकी वर्षं वजन उचलायची सवय लागलेली, रिकामं उभं राहायला कसंतरीच वाटायचं. पण ती काही राहिली नाही. राहिल्या त्या दुसऱ्याच.

पण त्याआधी गाळपेर म्हणजे काय ते सांगते, नाहीतर पुढचं तुम्हाला कळणार नाही.

धरणाचं पाणी खाली सोडलं की काठाची जमीन हळूहळू उघडी पडते. तिच्यावर काळाभोर, लोण्यासारखा गाळ असतो. त्या गाळात लोक एका हंगामापुरतं पीक घेतात, तीच गाळपेर. पीक पावसाच्या आत काढावंच लागतं. उशीर झाला की पाणी पुन्हा चढतं आणि उभं पीक गिळून टाकतं. शिवाय तेच पाणी दर वर्षी सगळे बांध पुसून टाकतं, म्हणून जमीन दर वर्षी नव्याने मोजावी लागते. मोजायची कुठून? तर माझ्यापासून! माझ्या बुडाला दोर बांधायचा. मावळतीच्या बाजूला मोजायचं ते संपतचं, उगवतीच्या बाजूला मोजायचं ते जानकूतात्याचं. संपत हा वरच्या गावातला तरणा शेतकरी. जानकूतात्या आणि त्याची बायको गजराबाई मेंढरंवाले, पण आता थोडी शेतीही करतात. माझ्यावरून त्यांच्यात कधी भांडण झालं नव्हतं. मी एवढी वर्षं उभी आहे, पण इकडची तिकडे झाले नाही, याचं कौतुक मात्र कुणी केलं नाही.

त्या वर्षी मी अजून पाण्यात होते तेव्हाच त्या दोघी आल्या. दोघी कसल्या, नर आणि मादी. विटकरी अंग, पांढरं डोकं, पांढरी छाती. ब्राह्मणी घारींची जोडी. चोहीकडे पाणी, म्हणजे कुत्रं नाही, मांजर नाही, माणूस नाही. त्यांना माझी जागा पसंत पडली. पेटी जिथे होती बरोबर तिथेच त्यांनी काटक्या रचायला घेतल्या. काटक्यांवर वाळलेला चिखल, फाटक्या सदऱ्याची चिंधी, मेथीच्या जुडीची सुतळी आणि सगळ्यात आत लोकर. काळी लोकर. मादी रोज काठावर जायची आणि चोचीत पुंजका घेऊन यायची. मग तिने दोन अंडी घातली आणि ती बसली. मी पुन्हा भरले. मित्रांनो, त्या अंड्यांचं वजन किती असणार? पण मला पेटीपेक्षा ती जड वाटली.

त्यांचं एक चुकलं. हे पाणी उतरतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. अंडी फुटून पिल्लं बाहेर आली, तोवर पाणी माझ्या पायाशीसुद्धा उरलं नव्हतं. चिखल सुकला, चालण्याजोगा झाला आणि एका सकाळी संपत दोर घेऊन आला.

तो जवळ येतो तोच मादीने वरून झेप घातली. संपतची टोपी चिखलात आणि संपत टोपीशेजारी.

"आयला! ही काय बला?"

लांबून जानकूतात्या मेंढरं हाकत चालला होता. तो मनसोक्त हसला. "काय रं संपत, झाला का पाव्हुणचार?"

"हसू नका तात्या. तुमी जावा जवळ, म्हंजे कळंल!"

तात्या गेला. तात्याचं मुंडासं सुटलं. मग संपत हसला.

"आता मोजायचं कुठनं?" संपतने विचारलं.

तात्याने डोकं खाजवलं. "सावलीच्या टोकाला दोर धर की. सावली काय दुसऱ्याची हाय? डीपीचीच हाय न्हवं!"

"ह्ये बेस काम झालं!"

संपतने तेव्हाच, कोवळ्या उन्हात, माझ्या सावलीच्या टोकाला खुंटी ठोकली आणि तिथून पुढे आपलं रान मोजलं. जानकूतात्या मेंढरं चारून परत आला तो दिवस कलल्यावर. त्यानेही सावलीच्या टोकालाच खुंटी ठोकली आणि पुढे आपलं मोजलं. दोघेही अगदी प्रामाणिक. पण सकाळी माझी सावली लांबच लांब मावळतीकडे पडते आणि संध्याकाळी उगवतीकडे. मला वरून सगळं दिसत होतं. मला कुणी विचारलं नाही.

संपतने भुईमूग पेरला, तात्याने मेंढरांसाठी मका. पीक उगवून वर आलं तेव्हा चूक हिरव्या रंगात दिसायला लागली. इकडे भुईमूग, तिकडे मका आणि मध्ये, माझ्या दोन्ही बाजूंना, उघडं काळं रान. सगळ्यात चांगला गाळ नेमका तिथेच होता. संपतचा दोर पलीकडे ओढ्यातल्या गोट्यांत जाऊन पोचला होता. तिथे त्याचा भुईमूग उगवायलाच तयार नव्हता.

दोघे त्या मोकळ्या रानाच्या कडेला उभे राहिले.

"तात्या, मधी एवढं रान कसं काय राह्यलं?"

"तू सोडलंस, म्हणून राह्यलं."

"मी कशाला सोडीन? सकाळची सावली माझ्या अंगाला पडती. म्हंजे ती जागा माझी."

"आन सांजची माझ्या अंगाला पडती, ती काय तुझ्या आत्याची?"

मला वाटलं, आता हे भांडण माझ्या गंजासारखं वर्षानुवर्षं चालणार. पण कसलं काय! तात्याने तंबाखू मळली, अर्धी संपतला दिली आणि तेवढ्यात मिटलंसुद्धा. डीपीच्या बुडापर्यंत संपतचं, बुडापासून तात्याचं. भांडण इतक्या लवकर मिटलं, तेच वाईट झालं. कारण आता ते रान लगेच नांगरून तिथे मका पेरायचं ठरलं. ट्रॅक्टरवाल्या दत्ताला बोलावलं, तर तो लांबूनच म्हणाला, "त्या घारी हायेत तवर मी न्हाई यायचा, राव. माझा डोळा गेला तर कुणाचा लावू?"

"घरटं पाडू की मग," संपत म्हणाला. "बांबूनं ढोसलं की खाली. त्या जातील आपोआप."

घरट्यात तेव्हा दोन पिल्लं होती. पंखांच्या जागी नुसत्या पिसांच्या नळ्या फुटलेल्या. बांबूने ढोसलं असतं तर ती उडाली नसती, पडली असती.

संपत बांबू घेऊन आला. त्याच वेळी गजराबाई तात्याची भाकरी घेऊन आली. अंगाने किडकिडीत, पण आवाज असा की पलीकडच्या काठावरची मेंढरं मान वर करतात.

"काय चाललंय?"

तात्याने सांगितलं. गजराबाईने कपाळावर हात धरून वर बघितलं आणि एकदम ओरडली, "आवं, त्यो लोंबतोय त्यो पुंजका बघा! माझ्या काळ्या मेंढीची लोकर हाय ती! मी म्हणलं, काळी कुठं अंग घाशीत फिरती. ही बया वेचून नेत व्हती व्हय!"

"मंग आता काय लोकरीचं भाडं मागतीस तिला?" तात्या म्हणाला.

"भाडं न्हाई मागत. पर बाळंतीण हाय ती. बाळंतीण उठवायची नसती."

संपत हसला. "मावशे, घार हाय ती. माझी वैनी न्हाई."

"आन तुझी आय कोण व्हती रं?" गजराबाईने भाकरीचं फडकं खाली ठेवलं. "साळुबाई तुला घिऊन पडली व्हती तवा समदं गाव उठलं व्हतं. पाणी मारुतीच्या पायरीला लागलं व्हतं. आमची मेंढरं वरल्या माळाला, आमी तिथनं बघायचो. समदा अंधार आन मधी एकच दिवा. तुझ्या खोलीचा. कुणी एक कौल हलवलं का? कुणी म्हणलं का, पाणी आलंय, उठ बाई?"

 संपतने बांबू जमिनीला टेकवला.

मित्रांनो, खरं सांगते, हे मला माहीत नव्हतं. मी बल्ब पेटवला होता, पण बल्बखाली कोण आहे ते तारेतून थोडंच कळतं! म्हणजे तो हा होता तर. दर वर्षी माझ्या बुडाला दोर बांधणारा.

"कवर थांबायचं?" शेवटी संपतने विचारलं.

"पिल्लं उडंपातूर."

"आन उडलीच न्हाई तर?"

"तू चालाय लागलास न्हवं? मंग ती बी उडतील."

तात्या खो खो हसला. संपत चिडला, पण कबूल झाला. मात्र त्याने आपली अट घातली. "पिल्लं घरट्यातनं भाईर पडली की त्याच दिशी ट्रॅक्टर आणीन. मका हितनं फुडं लांबला तर पाण्यात जाईल. मंग मला बोलायचं न्हाई, मावशे."

"न्हाई बोलत," गजराबाई म्हणाली.

त्यानंतरचे दिवस मी मोजले नाहीत. नर चिलापी मासा पंजात धरून आणायचा, मादी फाडून भरवायची. एका दुपारी वळीव आला, बोराएवढ्या गारा पडल्या. मादी पंख पसरून पिल्लांवर बसली. थोरलं तिच्या अंगाखाली मावलं, धाकटं मावलं नाही. गारा थांबल्या तेव्हा ते हलत नव्हतं. मादीने दुसऱ्या दिवशी ते घरट्याबाहेर ढकललं आणि पुन्हा मासा फाडायला घेतला. मला यावर काही म्हणायचं नाही. असं होतं, एवढंच मी बघितलं.

उरलेलं एक पिल्लू माझ्या पट्ट्यावर उभं राहून पंख झाडायला लागलं. संपत रोज भुईमुगाला पाणी द्यायला यायचा आणि लांबून मान वर करून बघायचा. त्याला घाई होती. पाऊस जवळ येत होता, रान मोकळं पडलं होतं आणि ते पिल्लू नुसतं पंख झाडत होतं.

"उड की लेका," तो एकदा म्हणाला. प्रेमाने नव्हे हं, वैतागून.

एका सकाळी ते उडालं. म्हणजे माझ्यावरून निघालं, हवेत दोनदा गटांगळ्या खाल्ल्या आणि मोकळ्या रानात धपकन पडलं. तिथून त्याला वर येता येईना. भुईमुगात पडलं असतं तर वेलांत गुरफटलं असतं, मक्यात तात्याचं कुत्रं झोपलेलं असायचं. पण ते पडलं नेमकं त्या चुकीने राहिलेल्या रानात, जिथे नुसता गाळ आणि थोडं गवत होतं.

आणि त्याच सकाळी दत्ताचा ट्रॅक्टर आला. पिल्लू आज-उद्या उडेल, या हिशेबाने संपतने आदल्या दिवशीच निरोप धाडला होता.

"भाऊ, पिल्लू भाईर पडलंय!" दत्ताने ट्रॅक्टरवरूनच बोट दाखवलं. "ठरल्यापरमानं झालं. सोडू का नांगर?"

गजराबाई तिथे नव्हती. ती लांब चढावर मेंढरांमागे होती. तात्याही नव्हता. संपतला अडवणारं कुणीच नव्हतं, आणि शब्दाप्रमाणे त्याचं बरोबरही होतं. पिल्लू घरट्याबाहेर पडलेलं होतं. माझ्यावरचं घरटं रिकामं होतं. मी वाऱ्यात थोडी करकरले. मला एवढंच जमतं.

संपतने पिल्लाकडे बघितलं. ते चोच उघडून, पंख फुगवून, ट्रॅक्टरला घाबरवायचा प्रयत्न करत होतं.

"इंजिन बंद कर," तो म्हणाला.

"आरं पन मला फुडं दुसऱ्याचं रान हाय!"

"मंग जा तिकडं."

"उद्या यायला जमणार न्हाई, आधीच सांगतो. चार दिस तरी न्हाई."

"आरं जा म्हणतो ना!"

दत्ता बडबडत गेला. संपत एक काठी घेऊन ढेकळावर बसला. तात्याचं कुत्रं हुंगत आलं, त्याला त्याने हाकललं. कावळे आले, त्यांना हाकललं. आणि गंमत बघा, ज्या पिल्लाची तो राखण करत होता, त्याची आई दर थोड्या वेळाने येऊन त्याच्याच टोपीवर झडप घालत होती! उपकार वगैरे घारींना समजत नाहीत. शेवटी त्याने टोपी काढून मांडीखाली ठेवली आणि डोक्यावर घमेलं घेतलं. उन्हात, घमेलं घालून, दिवसभर. मी आजवर बरंच काही बघितलंय, पण असं ध्यान नव्हतं बघितलं.

दुपारी नराने पिल्लापुढे एक चिलापी टाकली. पिल्लाने ती स्वतः फाडून खाल्ली. ऊन उतरल्यावर पाण्याकडून वारा सुटला. पिल्लू एका मोठ्या ढेकळावर चढलं, वाऱ्याकडे तोंड केलं, पंख उघडले आणि या वेळी खाली आलं नाही. भुईमुगावरून, काठावरून, सरळ पाण्यावर गेलं आणि पलीकडच्या बाभळीवर जाऊन बसलं.

"उडलं!" संपत घमेलं फेकून धावत सुटला. "मावशे! ए मावशे! उडलं गं!"

चढावरून गजराबाईचा आवाज आला, "मंग नाचतोस काय येड्यावानी! नांगर की आता तुझं रान!"

त्याने नांगरलं नाही. दत्ता परत येईपर्यंत मक्याची वेळ निघून गेली होती. त्या रानात गवत माजलं, ते तात्याच्या मेंढरांनी खाल्लं. संपतला त्या हंगामात तिथून काहीच मिळालं नाही, आणि ओढ्याच्या बाजूचा भुईमूगही बेताचाच झाला. मग पाऊस लागला, पाणी चढलं आणि भुईमुगाची, मक्याची, मोकळ्या रानाची, सगळीच जागा एकसारखी झाली.

हिवाळ्यात ती उत्तरेकडची मासेमार घार नेहमीसारखी आली. माझ्यावरच्या काटक्यांच्या ढिगाकडे तिने तिरक्या नजरेने बघितलं आणि वरच्या पट्ट्यावर जाऊन बसली. ती इथे कधी घरटं करणार नाही, हे आता मला कळलंय. माझं काही म्हणणं नाही. थोड्या दिवसांनी विटकरी जोडी आली आणि जुन्या काटक्यांवर नव्या काटक्या रचायला लागली.

पाणी उतरलं, मोजणीची वेळ आली. संपत आणि जानकूतात्या दोर घेऊन आले आणि लांबच थांबले.

"सावली धरायची का?" तात्याने विचारलं.

"नगं. सावली फिरती." संपतने आधीच दोन मोठे धोंडे आणून ठेवले होते. एक माझ्या मावळतीला, एक उगवतीला, दोन्ही सारख्या अंतरावर. "ह्या धोंड्यापासनं माझं, त्या धोंड्यापासनं तुमचं. मधलं सोडा."

ट्रॅक्टरवर बसलेला दत्ता ओरडला, "आरं, एक नंबर गाळ सोडताय! मधलं कुणाचं मग?"

संपतने मान वर केली. घरट्याच्या काठावरून काळ्या लोकरीचा पुंजका लोंबत होता आणि त्यामागून एक पांढरं डोकं खाली बघत होतं.

"बाळंतिणीचं," तो म्हणाला.

मित्रांनो, मी काही फार मागत नाही. मला रंग द्या, माझा गंज खरवडा, असं मी म्हणणार नाही. एके दिवशी मी पाण्यात आडवी होणार, ते मला माहीत आहे. पण तुमच्या गावात कुठे असा रिकामा खांब, मोडकी टाकी, वाळकं झाड असेल आणि ते पाडायची कुणाला घाई झाली असेल, तर आधी एकदा मान वर करून बघा. वर कुणी बसलेलं असेल, तर थोडं थांबा. जमत नाही असं म्हणू नका. पाणी मारुतीच्या पायरीला लागलेलं असतानाही माणसं थांबली होती. मी स्वतः बघितलंय. बल्ब माझाच होता.